जावेच्या पायाचं भेटकलम

या गं पोरींनो, हे वाचायला जरा जवळ सरका. तो मोबाईल आधी पालथा घाला. पाच आठवडे तुमची शेवंताकाकू दवाखान्यात पडून होती अन् तुम्ही काय केलंत? फुलांचं एक चित्र धाडलंत, खाली 'लवकर बऱ्या व्हा'. चित्र बघून का कुणाचा पाय भरून येतो? एकीनं तरी विचारायचं की बाई, नेमकं झालं काय, तुम्ही राहिलात कुठं, खाल्लंत काय. तुम्ही म्हणाल मोठीबाई रागावली. रागावलेच आहे. पण सांगायचं ते सांगणार, म्हणून तर लिहायला बसले.

लोक विमानात बसून लांब लांब जातात अन् प्रवास लिहितात. मी गेले धारूरहून अंबाजोगाईला. एसटीनं तासा-सव्वा तासाची वाट. बाजाराला, लग्नाला शंभरदा गेलेली. पण तिथं दोन खाटांमधल्या फरशीवर चटई टाकून पाच आठवडे राहिले, अन् जे बघितलं ते माझ्या पासष्ट वर्षांत कधी बघितलं नव्हतं.

घाटात

तेलगावला शेवंताच्या भाचीच्या लेकीचं बारसं होतं. दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झालेले. येताना मी जीपमध्ये बसले, कारण माझी कंबर मोटारसायकलवर बसू देत नाही. शेवंता माझी धाकटी जाऊ. ती नवऱ्याच्या मागं बसली, एका अंगाला दोन्ही पाय सोडून, आपण बायका बसतो तशी. मांडीवर घुगऱ्यांचा डबा. मागच्या चाकाला साडी अडकू नये म्हणून जाळी असते बघा, ती मोडून दोन महिने झाले होते. बबनभाऊजी आज बसवतो, उद्या बसवतो करत राहिले.

आमची जीप घाटाच्या वळणावर आली तर रस्त्याच्या कडेला घुगऱ्या सांडलेल्या. त्याच्या पलीकडं शेवंता. पदर चाकात गेला होता अन् पदरामागं पाय. मी एकदाच बघितलं अन् तोंड फिरवलं. खोटं कशाला सांगू.

ऊसतोडीला निघालेला एक ट्रक तिथं थांबला होता. त्यातून तीन-चार बाया उतरल्या. भाऊजी कुणाच्या तरी पिशवीतली हळद घेऊन धावले, तर त्यातली एक तरणी बाई त्यांच्या अंगावर ओरडली, "काय भराया लागलाव त्यात? पाणी वता आधी!" तिनं स्वतःच्या घागरीतलं पाणी ओतलं, नवंकोरं लुगडं फाडून घट्ट बांधलं अन् माझ्या हातात दुसरं टोक दिलं. "अक्का, सोडू नका, धरून बसा." मी तिचं नाव विचारायच्या आत ट्रक निघाला. पुढं डॉक्टर म्हणाली, ज्यानं हे बांधलं त्यानं चांगलं बांधलं. मी म्हणाले, ज्यानं नाही, जिनं.

अंबाजोगाई, पहिले दहा दिवस

धारूरला पट्टी झाली, सलाईन लागलं, अन् तशीच गाडी करून तिला अंबाजोगाईच्या एका मोठ्या दवाखान्यात आणलं. हाड मोडलं नव्हतं, हे नशीब. पण उजव्या नडगीवरची कातडी घोट्यापर्यंत सोलून गेली होती, अन् मागं त्याच पायाची पोटरीही फाटलेली. दोनदा आत नेऊन जखम साफ केली. आठव्या दिवशी पट्टी सोडताना मी धीर करून बघितलं. मधोमध हाताच्या पंज्याएवढ्या जागेत नडगीचं हाड उघडं, धुतलेल्या कवडीसारखं पांढरं.

शेजारच्या खाटेवर घाटनांदूरची एक म्हातारी होती, मांडीचं हाड मोडलेली. तिची लेक चाँदबी तिच्याजवळ राहायची. पहिल्या दिवशी मी चटई कुठं टाकावी म्हणून उभी, तर तिनं आपलं बोचकं ओढून घेतलं. "इधर डालो खाला, पंखा लगता." तेव्हापासून आमची चूल एक झाली. चूल म्हणजे काय, मागच्या आवारात तीन दगड. ती खिचडी टाकायची, मी भाकरी. येसराची पूड मी घरून आणलेली होती, त्याची आमटी केली तर आख्खं आवार हुंगत आलं.

त्या दहा दिवसांत भाऊजी एक अक्षर बोलले नाहीत. बाहेर लिंबाखाली बसायचे. शेवंता मात्र आतून ओरडायची, "अवो, जेवलाव का? न्हाईतर म्हणाल हिच्यामुळं उपाशी मेलो."

कलम

अकराव्या दिवशी कातडीची डॉक्टरीण आली. लहानखुरी, चष्म्यातली, माझ्या लेकीच्या वयाची. मूळची कोकणातली. बोलणं असं मऊ की आपल्याला वाटावं ही रागावणार कशी? तिनं मला बाजूला घेतलं.

"मावशी, उघड्या हाडावर नुसती पातळ कातडी लावून धरत नाही. तिला खालून ओल लागते. कातळावर रोप लावल्यासारखं होईल ते."

"मग वं?"

"या पायाची पोटरी फाटली आहे, तिथलं काही घेता येत नाही. म्हणून चांगल्या पायाच्या पोटरीवरची कातडी घ्यायची, खालच्या पदरासकट, जाडसर. पण ती तोडून नाही घ्यायची. एका बाजूनं ती डाव्या पायालाच राहील, तिथनं तिला रक्त मिळेल. दुसरं टोक उजव्या नडगीवर शिवायचं. दोन्ही पाय तीन आठवडे एकमेकांना बांधून ठेवायचे. तोवर नडगीकडून तिला नवं रक्त येऊ लागतं. मग मधला देठ कापायचा. आमच्याकडे आंब्याचं भेटकलम बांधतात ना, अगदी तसंच. पायाचं कलम समजा."

सगळं ऐकलं, पण डोक्यात राहिला तो शेवटचा शब्द. आपल्या डोंगरातलं सीताफळ आपोआप उगवतं, त्याला कोण कलम बांधतो? मी लिंबाखाली गेले अन् भाऊजींना म्हणाले, "पायाचं कलम करणार म्हणत्यात."

चाँदबी तांदूळ निवडत होती. तिचं सूप खाली पडलं. "या अल्ला! कलम? पूरा?"

भाऊजी उठले ते तरातरा आत. दाराशी रखवालदारानं अडवलं. "काय बे, दवाखाना हाय का बैलबाजार?" त्याला तसाच बाजूला सारून थेट डॉक्टरणीपुढं उभे.

"पाय कलम करू देणार न्हाई. तिचा न्हाई. माझा घ्या."

ती गोंधळली. "तुमचा नाही चालणार हो. दुसऱ्याची कातडी शरीर धरत नाही."

"कातडी न्हाई, पाय घ्या म्हणतोय! गाडी मी चालवत हुतो. जाळी मी बसवली न्हाई. तिचा पाय कावून जावा?"

दहा दिवसांत पहिल्यांदा माणूस बोलला, अन् बोलला तो हे. डॉक्टरीण त्यांच्याकडं बघत राहिली, मग माझ्याकडं बघितलं, अन् हळूच विचारलं, "तुमच्याकडे कलम करणं म्हणजे काय?"

"तोडणं," भाऊजी म्हणाले. "मुंडकं कलम करत्यात, हात कलम करत्यात."

"आमच्याकडे जोडणं," ती म्हणाली.

मग तिनं खाटेच्या कडेवर बसून एका कागदाच्या पाठीमागं दोन पाय काढले, एकावर एक आडवे. त्यांच्यामधून कातडीचा पूल दाखवला. भाऊजींनी तो कागद किती वेळ हातात धरला. शेवंतानं हात पुढं केला. "इकडं द्या. पाय माझा हाय, मलाच कुणी दावंना." तिनं कागद उलटसुलट बघितला. "बाईसाहेब, हे चित्र माझं हाय का कोंबडीचं?"

सही तिनंच केली. नवऱ्याला करू दिली नाही.

सही करायच्या आधी डॉक्टरणीनं एकेक विचारलं. साखर आहे का, रक्तदाब आहे का, कशाची ॲलर्जी. मग, "तंबाखू, विडी, गुटखा?"

आम्ही तिघांनी एका सुरात सांगितलं, "न्हाई."

शेवंतानं वर जोडलं, "आमच्या घरात कुणी तंबाखूला शिवत न्हाई, बाईसाहेब. सासऱ्यांनी माळ घातलेली हुती."

"छान," ती म्हणाली. "तंबाखूनं रक्ताच्या बारीक नळ्या आकसतात. जोडलेली कातडी मग काळी पडते."

आम्ही माना डोलावल्या. लोक कसे खातात कुणास ठाऊक, असंही मी म्हणाले.

पूल बांधला

सकाळी आत नेलं, दुपार कलल्यावर बाहेर आणलं. चादर बाजूला केली तर दोन पाय लोखंडी सळयांनी एकमेकांना जखडलेले, डावा थोडा वाकवून उजव्यावर आणलेला, अन् मधे तो पूल. जाड, फुगीर, टाक्यांची किनार. चांगल्या पोटरीवरची जागा मांडीच्या पातळ कातडीनं झाकलेली. म्हणजे बघा, नडगीसाठी पोटरीचं काढलं, पोटरीसाठी मांडीचं.

पहारा माझ्याकडं आला. सिस्टरनं माझं बोट धरून शिकवलं. "मावशी, दर तासाला बघायचं. हात लावून ऊन लागतंय का. बोटानं दाबायचं, सोडायचं, अन् मोजायचं. एक, दोन, तीन म्हणेस्तोवर रंग माघारी आला पाहिजे. लई उशीर लागला, नाहीतर कड काळीनिळी दिसली, की मला हाक मारायची."

शेवंता शुद्धीवर आली तशी मी दाबायला लागले. उजव्या नडगीवर बोट ठेवलं की ही म्हणायची, "डाव्या पोटरीला कावून हात लावायलीस?"

"उजव्याला लावतेय गं."

"मला का कळत न्हाई? पोटरी हाय ती!"

डॉक्टरीण हसली. अजून देठ तुटला नाही ना, म्हणाली, कातडीला वाटतंय आपण जुन्याच घरात आहोत.

दोन दिवस सगळं ठीक. शेवंताला उताणं पडून राहायचं, कूस बदलायची नाही, उठायचं नाही. तिचं सगळं मी करायची. सकाळी उठलं की वाटी धरायची, दात घासायला द्यायचं, चूळ भरून घ्यायची, तोंड पुसायचं, वेणी घालायची. चाळीस वर्षांत मी तिची वेणी घातली नव्हती. केस इतके पातळ झाले आहेत तिचे.

डबी

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दाबलं अन् मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच. मग हळूहळू रंग आला. वरची कड बघितली तर पिकलेल्या जांभळासारखी. हात लावला तर गार. मी सिस्टरला हाक मारली.

सिस्टर आली. पट्टी आवळली का बघितलं, पाय नीट आहेत का बघितलं, ताप बघितला. मग वाकून शेवंताच्या तोंडाजवळ आली. तशीच थांबली. मग माझ्याकडं वळली.

"मावशी, बोट दाखवा."

मी उजव्या हाताचं बोट पुढं केलं. पहिलं पेर काळं. कमरेच्या पिशवीत पितळेची डबी होती, तीही तिनं मागून घेतली. उघडून हुंगली. तव्यावर भाजून, वाटून, वस्त्रगाळ केलेली मिसरी. मी स्वतः केलेली. शेवंताला माझीच आवडते, तिची ती करपवते.

डॉक्टरीण धावत आली. मी विचार केला होता ही रागावणार नाही, पण न रागावता तिनं जे विचारलं ते रागावण्यापेक्षा वाईट.

"मावशी, मी विचारलं होतं ना? तंबाखू?"

"तुमी तंबाखू विचारलात. मिसरी न्हाई विचारली."

"मिसरी कशाची करतात?"

"तंबाखू भाजून."

"मग?"

"पण ते दात घासायचं असतंय," मी म्हणाले. अन् म्हणताना माझं मलाच ऐकू आलं.

पोरींनो, मी खोटं बोलले नव्हते. माझ्या आईनं लावली, सासूनं लावली, मी लग्नाआधीपासून लावते. तंबाखू म्हणजे पुरुष हातावर मळून दाढेत धरतात ती. आपण करतो ते तोंड धुणं. दिवसातून चारदा का धुवायचं, हे कुणी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं?

"अक्काला काय बोलू नका," शेवंता खाटेवरून म्हणाली. "मीच मागितली."

त्या सकाळी तिनं मागितली नव्हती. गुंगीतच होती ती. मीच डबी उघडून तिच्या पुढं धरली होती, बरं वाटंल म्हणून.

डॉक्टरीण म्हणाली, "आता बंद. आजपासून एक बोटसुद्धा नाही. दोन दिवस बघू. कड गेली तर कड काढून टाकता येईल. जास्त गेलं तर..." पुढचं मी विचारलं नाही. उघडं हाड मी बघितलं होतं, त्या हाडाला दुसरं पांघरूण कुठून आणायचं हे मलाही कळत होतं.

भाऊजींना सांगितलं. सिस्टरनं माघारी दिलेली डबी त्यांनी माझ्या हातातून घेतली अन् आवारातल्या मोरीत रिकामी केली, वरून बादलीभर पाणी. मग डबी घासून, पुसून मला परत दिली. "पितळ चांगलं हाय, वहिनी."

दोन दिवस

शेवंताचं डोकं ठणकायला लागलं. जीभ तर अशी सुटली की काही विचारू नका. चहा गुळचट, भाकरी जाड, पंखा खडखडतोय, चाँदबीची आई घोरतेय. चाँदबीनं तिला बडीशेप दिली, लवंग दिली. "चबाओ खाला, अन् मला शिव्या द्या, पण जखमेला मिसरी देऊ नका."

माझं काय? मी म्हणाले, पाय तर तिचा आहे, माझ्या पायाला काय झालंय? दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीत जाऊन, दुसऱ्या एका बाईकडून चिमूटभर मागून, गुपचूप लावली. चुळा भरल्या, तोंड धुतलं, चहा पिऊन आले. पायाला हात लावायला वाकले तशी शेवंता म्हणाली, "वास यायलाय, अक्का."

"कसला?"

"मी हिथं बांधलेल्या शेळीवाणी पडलेय, अन् तू न्हाणीत जाऊन सण करायलीस व्हय?"

सगळा वॉर्ड हसला. मी पण हसले, अन् मग रडूही आलं, कारण बोट तिच्या कातडीवर होतं अन् मी मोजत होते. चार, पाच. कालच्याइतकंच. पुढं गेलं नव्हतं, पण मागंही आलं नव्हतं. त्यानंतर मी मागितली नाही. फार मोठं केलं असं नाही, तिच्या नाकापुढं जमलंच नसतं.

त्याच दिवशी डॉक्टरणीनं प्रत्येक खाटेपाशी जाऊन विचारलं, "मिसरी लावता का?" हे बघण्यासारखं होतं. तंबाखू विचारल्यावर 'न्हाई बाई' म्हणणाऱ्या बाया, मिसरी म्हटलं की, "ती काय, सगळेच लावत्यात की." अर्ध्याहून जास्त खाटा निघाल्या. ती लिहीत गेली अन् प्रत्येकीला समजावत गेली. आमच्याकडं आली तेव्हा म्हणाली, "मावशी, आमच्या पुस्तकात हा शब्द नव्हता. आमच्या गावाकडंही बायका लावतात, माझ्याच लक्षात राहिलं नाही. चूक माझीही आहे."

एवढी शिकलेली पोर, अन् चूक माझीही म्हणाली. मला ते लागलं. चांगल्या अर्थानं लागलं.

चौथ्या दिवशी काळं तिथंच थांबलेलं. पाचव्या दिवशी दुपारी मी दाबलं, सोडलं. एक, दोन, ती... रंग आला. मला खरं वाटेना. परत दाबलं. चाँदबीला म्हणाले, तू दाब. तिनं दाबलं. भाऊजींना आत बोलावलं, त्यांनीही दाबलं. कोमट, उन्हात ठेवलेल्या भांड्यासारखं. शेवंता ओरडली, "आता सारं गाव बोलवा! मोटारीचा हॉर्न हाय का त्यो?"

करंगळीच्या नखाएवढी कड वाळून गेली, खपली होऊन पडली. बाकी सगळं जगलं. डॉक्टरीण बघून गेली अन् दाराबाहेर जाऊन तिनं चष्मा काढून पुसला. मी बघितलं.

तीन आठवडे संपेपर्यंत

मग दिवस सोपे झाले. भाऊजी गावाकडं जाऊन शेवटची सीताफळं घेऊन आले, डोंगरातली, बारीक पण गोड. डॉक्टरणीला दिली तर ती म्हणाली, आमच्याकडं हे झाड परसात एखादंच. मी तिला भाकरी अन् ठेचा दिला. एक घास खाल्ला अन् डोळ्यातून पाणी. "मावशी, हे तुम्ही रोज खाता?" मी म्हणाले, "तुमी रोज भात खाता, मग पोट भरतंय कवा?" तिची आई तांदळाची भाकरी करते म्हणे, पांढरी, मऊ, पापुद्र्याची. मी म्हणाले तिला भाकरी म्हणायचं का, ते तूच ठरव.

शेवटच्या आठवड्यात रोज एक खेळ चालायचा. त्या कातडीच्या देठाला रबराची नळी आवळायची, पाच मिनिटं. डाव्या पायाकडून येणारं रक्त बंद. उजव्या पायाच्या जिवावर ती कातडी जगते का बघायचं. मग दहा मिनिटं, मग अर्धा तास. लेकराचं दूध तोडताना आपण करतो ना, एक वेळ चुकवायची, मग दोन वेळा, तसं. रंग ढळला नाही. तासभर आवळली तरी ढळला नाही.

मग एका सकाळी आत नेलं अन् तासाभरात बाहेर आणलं. सळया निघालेल्या. दोन पाय, दोन जागी. मधे वीतभर मोकळी चादर.

मला वाटलं शेवंता काही बोलेल. इतके दिवस इतकं बोललेली बाई. तिनं डॉक्टरणीला एवढंच विचारलं, "कुशीवर झोपू का?"

"झोपा. हळू."

मी एका बाजूनं धरलं, चाँदबीनं दुसऱ्या. शेवंता वळली, हात गालाखाली घेतला अन् डोळे मिटले. ऊन खिडकीतून तिच्या पाठीवर आलेलं. अकरा वाजता झोपली ती चार वाजता उठली. मधे भाऊजी दोनदा येऊन बघून गेले, अन् दोन्ही वेळा मी तोंडावर बोट ठेवून त्यांना बाहेर घालवलं.

घरी

येताना जीप केली. शेवंताला पुढं बसवलं, पाय लांब करून. चाँदबी आवारातल्या दारापर्यंत आली, तिच्या आईला अजून आठ दिवस होते. ती म्हणाली, "खाला, कलम जुड गया, अब ज़बान पे भी कुछ बांधो." शेवंता म्हणाली, "ते मी मेल्यावर बी व्हायचं न्हाई." दोघी रडल्या.

आता सहा महिने झाले. नडगीवरचा तो तुकडा जरा फुगीर दिसतो, पुरणपोळी चिकटवल्यासारखा. तिथं काही कळत नाही तिला अजून, मुंगी चढली तरी कळत नाही, म्हणून रोज सकाळी बघायचं, तेल लावायचं, ऊन लागू द्यायचं नाही. पहिले दोन महिने काठी, मग भाऊजींचा खांदा, मग भिंत, आता काहीच नाही. पाय जरा ओढते. डोंगरात अजून जात नाही, पण परवा म्हणाली, पुढल्या सीताफळाला जाणार. मी म्हणाले, बघू. ती म्हणाली, बघायचं काय त्यात.

मोटारसायकलच्या चाकाला नवी जाळी आहे. शेवंता त्यावर बसत नाही. भाऊजीही आग्रह करत नाहीत. आता दोघंही चालत जातात, ते पुढं, ती मागं, अन् दर शंभर पावलांवर ते काहीतरी बघायचं निमित्त करून थांबतात. कधी बाभळ, कधी कुणाचा बैल. तिला कळतं. ती बोलत नाही, ही केवढी गोष्ट.

तर पोरींनो, आता या. चित्रं पाठवू नका. पंधरा दिवसांत या, उन्हं कमी असताना सकाळच्या गाडीनं या. फाट्यावर उतरलात की रिक्षा करू नका, कुणाच्या गाडीवर बसू नका. शेवंता तुम्हाला न्यायला येणार आहे, तिनं आधीच सांगून ठेवलंय, अन् एकटी येणार आहे. तिला यायला वेळ लागेल. बाभळीखाली सावली आहे, तिथं बसा, अन् लांबून ती दिसली तरी धावत पुढं जाऊ नका. तिला तुमच्यापर्यंत येऊ द्या.